नकार देण्यापुरता डोळा

वडनेर भोलजीत कुणी पोराचं लग्न काढलं की पत्रिका नंतर निघते, आधी आमच्या कडूबा मामाला बोलावणं जातं. मामा वांगी-मिरची पिकवणारा माणूस, पण त्याची खरी ख्याती मुली पाहण्यात. पांढरं धोतर, इस्त्रीची टोपी आणि टोपीच्या घडीत खोचलेली सुई. नाव, शिक्षण, स्वयंपाक हे सगळं बाकीच्यांनी विचारायचं. मामा फक्त सुई काढायचा, मुलीच्या हातात दोरा द्यायचा आणि म्हणायचा, "ओव बाई."

एका दमात ओवला तर नजर चांगली, हात स्थिर आणि स्वभाव थंड. दोऱ्याला थुंकी लावली तरी मामा चालवून घ्यायचा. पण तीनदा चुकली की पोहे संपवून उठायचा. ही साथ त्याच्यामुळं तालुकाभर पसरली. माझं लग्न ठरताना नांदुऱ्याच्या पाहुण्यांनी माझ्याही हातात सुई दिली होती, आणि मी ती ओवून त्यांना म्हटलं होतं, आता शर्टाची बटणंही लावून देऊ का? तरी त्यांनी मला पसंत केलं. आता पस्तावतात.

मी कोकिळा. ज्याच्या लग्नाची ही गोष्ट आहे त्या सागरची थोरली बहीण. बाबा लवकर गेले. आई, म्हणजे मनकर्णाबाई, आम्हा दोघांना घेऊन भावाच्या आसऱ्याला आली आणि कडूबा मामानं आम्हाला पोटच्या पोरांसारखं वाढवलं. त्यामुळं आमच्या घरात मामाचा शब्द शेवटचा. देवानं दिलेला शब्दसुद्धा आई आधी मामाला विचारून घेईल.

सागरला लहानपणी संध्याकाळ झाली की दिसायचं नाही. आम्ही त्याला रातांधळा म्हणून चिडवायचो, आणि गाजरं खाऊ घालून घालून आईनं त्याला गाजराचा शत्रू केलं. पुढं दिवसाही कडेचं दिसेनासं झालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदाच हळूहळू निकामी होतोय, हे रक्तातून आलंय. आईबाबा एकमेकांचे आतेमामे भाऊबहीण होते. परदेशात एका प्रकारच्या दोषावर इंजेक्शन निघालंय, पण सागरचा दोष वेगळा, त्याच्यावर अजून शोध चालू आहे. कॉलेज संपेपर्यंत सगळा उजेड गेला.

आई रडली, मी रडले. सागर महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडला, मग एक दिवस उठला आणि नागपूरच्या एका संस्थेत जाऊन राहिला. तिथून पांढरी काठी, बोलणारा कॉम्प्युटर आणि वाईट विनोद शिकून आला. परीक्षा दिली आणि जळगाव जामोदला बँकेत लागला. चौकशीच्या टेबलावर बसतो. त्याच्या फोनमधली बाई त्याला सगळं वाचून दाखवते, इतक्या घाईनं की मामा म्हणायचा, "सागऱ्या, हिले पानी दे बे, दम लागला असन."

आता मामाचं ऐका. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हे त्याला ठाऊक, मला ठाऊक, गल्लीतल्या कुत्र्यांना ठाऊक, कारण तो रोज त्यांच्यावर पाय द्यायचा. पण बोलायची कुणाची टाप नव्हती. ज्याची सगळी इभ्रत नजरेवर, त्याला दिसत नाही कसं म्हणायचं? एकदा मी धीर करून बोलले, तर म्हणाला, "पिकू दे. पिकल्याबिगर म्या वांगं तोडत नाही, मोतीबिंदू तोडू?" पुढच्या वर्षी म्हणाला, हिवाळ्यात करू. असे बरेच हिवाळे आले आणि त्याला न दिसता निघून गेले.

गावात मात्र मामाचं कौतुक वाढलं. सुट्टीत सागर आला की दोघं हातात हात घालून पारावर जायचे. लोक म्हणायचे, पाहा, मामा आंधळ्या भाच्याले कसा संभाळते! खरं चित्र मी माहेरी आले की ओट्यावरून पाहायचे. सागर काठीनं खड्डा शोधायचा, वळसा घ्यायचा, आणि मामा त्याचा हात घट्ट धरून मागोमाग वळायचा. वर ओरडायचा, "नीट चाल बे, खड्डा आहे!"

अशात एक दिवस सागरनं घरी सांगितलं की त्यानं मुलगी पसंत केली. छाया तिचं नाव. जळगाव जामोदच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासायच्या खात्यात काम करते. एटीएम कार्डानं दगा दिला म्हणून बँकेत भांडायला आली होती, आणि सागरशी भांडता भांडता बँक बंद व्हायची वेळ झाली. पुढं कार्ड नीट झालं तरी ती येत राहिली. सागरच्या डोळ्यांचे सगळे कागद तिनं स्वतः वाचले, नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं आणि घरी जाहीर केलं की नात्याबाहेरचं लग्न आहे, पोराबाळांची फार काळजी करायचं कारण नाही. तिचे वडील नारायणराव तहसीलमधून रिटायर झालेले. ते म्हणाले, "तिच्यापुढं आमचं काही चालत नाही. तुमचं चाललं तर कळवा."

आईला मुलगी मनातून आवडली होती. पण ती म्हणाली, "मामानं पाह्यल्याशिवाय सोयरीक नाही."

"आई, मी आंधळा असून मला ती पसंत आहे," सागर म्हणाला. "आता पाहून काय करायचं राहिलं?"

"म्हणूनच! तुले दिसत नाही म्हणून कोनं तरी पाह्यलं पाह्यजे ना?"

मग घरातल्या प्रत्येकाला सागरसाठी पाहायचा झटका आला. छायाचा फोटो आला. चुलत आत्यानं सांगितलं, रंग सावळा आहे बाप्पा. शेजारणीनं सांगितलं, नाक बसकं आहे. सागरनं कुणाला काही विचारलं नव्हतं. शेवटी वैतागून त्यानं फोटो फोनमधल्या बाईला दाखवला. ती म्हणाली, "एक व्यक्ती, बहुधा महिला, कुलरजवळ उभी आहे."

"बहुधा?" आई किंचाळली. "बहुधा म्हंजे काय? आत्ताच्या आत्ता मामाले बोलाव!"

उन्हाळ्याचे दिवस होते. आम्ही जीप केली आणि जळगाव जामोदला गेलो. आई, मी, सागर आणि टोपीत सुई खोचून मामा. नारायणरावांच्या बैठकीत दाराशीच एक भला मोठा लोखंडी कुलर होता, त्यावर त्यांनी पंचा आणि टोपी वाळत टाकली होती. मामा आत शिरला, थेट कुलरपुढं उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "राम राम, नारायणराव! तब्येत मस्त ठंडी ठेवली तुमी."

खरे नारायणराव सोफ्याजवळून म्हणाले, "राम राम!"

"घरात आवाज घुमते तुमच्या," मामा म्हणाला आणि खुर्चीच्या हातावर बसला.

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आईनं मला चिमटा काढला. सागरला काही दिसलं नव्हतं, पण मी हसतेय हे त्याला कळलं आणि तोही विनाकारण हसू लागला. छाया पोह्यांच्या ताटल्या घेऊन आली. बाकीच्या मुली अशा वेळी जमिनीकडं पाहतात. ही सरळ मामाच्या डोळ्यांत पाहत होती, आणि तेही लाजबिज सोडून, बाजारात नासकं टरबूज ओळखावं तसं. मामा खूश झाला. त्याला वाटलं पोरगी धीट आहे.

पोहे झाले. मामानं टोपीतून सुई आणि खिशातून दोरा काढला.

"ओव बाई."

छाया खिडकीपाशी गेली. आमच्याकडं पाठ केली. मग परत आली आणि मामाच्या तळहातावर सुई ठेवली. मामानं ती चिमटीत धरली, खिडकीकडं उंच केली, एक डोळा मिटला, मान तिरकी केली. पुरता वेळ घेऊन निकाल दिला.

"वा! एका दमात ओवला. थुंकीसुद्धा नाही लावली. याले म्हंते नजर! मनके, पोरगी पास."

आम्ही सगळे त्या सुईकडं पाहत राहिलो. कारण सुई नुसतीच होती.

"मामाजी," छाया हळूच म्हणाली, "दोरा माया हातातच आहे."

कुलर घरघरत होता. सागर विचारत होता, "काय झालं? काय झालं?" आणि आई सांगत होती, "काही नाही रे, काही नाही." मामाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग वांग्यासारखा.

"मले फसवलं!"

"फसवलं नाही, मामाजी, तपासलं. मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यात जास्त. तुमी दारात आले तवाच मले दिसला."

"म्या तुले पाहाले आलो, का तू मले? उठा बे सारे! ही सोयरीक होत नाही म्हंजे नाही!" मामा ताडकन उठला, धोतर सावरलं आणि रागारागानं तरातरा दाराबाहेर पडला. फक्त ते दार न्हाणीघराचं होतं.

आत गेल्यावर त्याला चूक कळली असणार. पण एवढ्या रागानं बाहेर पडलेला माणूस लगेच परत कसा येणार? त्यानं आतून कडी घातली.

मला हसू आलं नाही, खरं सांगते. सागर सोफ्यावर ताठ बसला होता. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मामानं नाही म्हटलं म्हणजे आई नाही म्हणणार, आणि आईला दुखवून सागर लग्न करणार नाही, हे मला माहीत होतं. महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडलेला माझा भाऊ कसा दिसत होता ते मी विसरले नव्हते. त्या सुईचा मला इतका राग आला की ती घेऊन कुणाला तरी टोचावी असं वाटलं.

छाया मात्र न्हाणीघराच्या दाराशी जाऊन पाटावर बसली, पेशंट बाहेर यायची वाट पाहावी तशी.

"मामाजी, एक विचारू? सागर सांगत होते, तुमचा एक नियम आहे म्हंते. पोरीले न पाहता हो म्हणत नाही, अन् न पाहता नाहीबी म्हणत नाही."

"हाव, आहे," आतून आवाज आला. "आजलोक मोडला नाही."

"मंग आज काऊन मोडता? तुमी मले अजून पाह्यलंच नाही."

 आत बादली पडल्याचा आवाज.

"तुमी म्हणान तं मी लग्न करत नाही," छाया म्हणाली. "पण पाहून म्हणा. न पाहता नाही म्हणालात तं तालुकाभर मी सांगीन, कडूबा पाटलांनी नियम मोडला."

बराच वेळ नळ ठिबकत राहिला. मग मामा गरजला, "पाहीन! आप्रेशन करीन, डोळे फाडून तुले पाहीन, अन् मंगच नाही म्हणीन! लिहून ठेव!"

"चालन. आता दार उघडा, तिकडं लय गरम होते."

"आन् पिकल्याबिगर कसं करान?" कडी काढता काढता मामानं शेवटचा मुद्दा टाकला.

"आता कच्चाच तोडतात, मामाजी. तुमचा तं सडाले आला."

लोक नातवाचं तोंड पाहायला ऑपरेशन करतात, देवाच्या दर्शनासाठी करतात. आमच्या मामानं पोरगी नाकारण्यासाठी केलं, आणि हे त्यानं स्वतः गावभर सांगितलं. शुगर तपासायला गेला तर तिथंही सांगितलं. बीपी वाढलेलं निघालं तेव्हा म्हणाला, "थोडं थांबून मोजा. नकार द्याचा आहे ना, म्हून रक्त तापलं." भिंगाचं माप घेणाऱ्या मुलीला त्यानं बजावलं की मजबूत भिंग टाका, मले दोष दिसले पाह्यजेत.

ऑपरेशन खामगावच्या सरकारी दवाखान्यात ठरलं. आधी उजवा डोळा, डावा नंतर. त्या दिवशी सागर सुट्टी काढून आला. मामाला हिरवा झगा घातला, कपाळावर उजव्या डोळ्याच्या बाजूला खूण केली, डोळ्यात थेंब टाकले आणि बाकावर बसवलं. त्या झग्यात, टोपीशिवाय, मामा मला पहिल्यांदा म्हातारा दिसला. बडबड थांबली होती. त्यानं चाचपडत सागरचा हात शोधला.

"सागऱ्या, अंधार तसाच राह्यला तं बे?"

"राह्यला तं राह्यला. मले सवय आहे. मी पुढं, तू मांगं. तसंबी तेच चालू आहे."

"तुले माहीत होतं?"

"मामा, पारावर जाताना तू मायाच पायावर पाय देत होता."

मामा थोडा हसला. मग हसू ओसरलं आणि तो जे बोलला ते मी शेजारच्या बाकावरून ऐकलं. "तुये डोळे चालले होते न बे तवा. डॉक्टर म्हणे इलाज नाही. अन् माया डोळ्याले त्याच दवाखान्यात म्हणे, पंधरा मिंटाचं काम आहे, आजच करून घ्या. मले लाज वाटली. पोराचे दिवे चालले अन् म्या म्हातारा आपले लावून घेऊ? उठून आलो घरी."

मी पदर डोळ्याला लावला. मला वाटलं सागरही रडणार. पण तो भडकला. "म्हंजे माया नावानं तू इतकी वर्षं भिंतीले आपटून राह्यला? अन् कुत्र्यायचा काय गुन्हा होता? त्यायले काऊन तुडवलं?"

तेवढ्यात मामाचं नाव पुकारलं. अर्ध्या तासात तो बाहेर आला, डोळ्यावर पट्टी आणि तोंडात तक्रार. "काहीच दुखलं नाही. बराबर केलं का नाही, कोनाले मालूम."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. आई, मी, सागर आणि रजा टाकून आलेली छाया, सगळे खोलीत हजर. छाया अबोली रंगाची साडी नेसून आली होती. तोंडावर काही दाखवत नव्हती, पण पर्सचा पट्टा सारखा बोटाला गुंडाळत होती. बाहेरच्या बाकावर तिनं मला विचारलं होतं, "ताई, ते खरंच नाही म्हणतील?" मी म्हटलं, मामा हट्टाला पेटला तर देवालाही नाही म्हणेल. ते तिला म्हणायला नको होतं.

नर्सनं पट्टी काढली, डोळा पुसला. मामानं उघडझाप केली. समोर नर्सच होती. मामा ताठ बसला आणि गरजला, "नापसंत!"

"चार लेकरं आहेत मले, बाबा," नर्स म्हणाली. "आता नापसंत करून उपयोग नाही."

मग मामाची नजर माझ्यावर आली. "कोकिळे! इतकी जाड कधी झाली वं तू?" मी उत्तर द्यायच्या आत तो आईकडं वळला. तिच्याकडं मात्र तो पाहतच राहिला. "मनके, तुये केस सारे पांढरे झाले? मले कोनं सांगतलंच नाही." आईनं पटकन पदर डोक्यावर ओढला.

"पाहून घ्या, मामाजी," खिडकीजवळून आवाज आला. "मी इथं आहे."

छाया उजेडात उभी होती. मामानं नर्सनं दिलेला काळा चष्मा बाजूला ठेवला. गळा साफ केला. सगळ्या गावाला दिलेला नकार त्याच्या ओठावर तयार होता, आणि मी आईचा हात धरला. सागर खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसला होता, मान वर करून. त्याला फक्त आवाजांवर भागवायचं होतं, आणि आवाज कुणी करत नव्हतं.

"रंग सावळा," मामानं सुरुवात केली. "नाक बसकं. लोकायनं बराबरच सांगतलं. उंची बरी. कपाळ..."

मामा थांबला. पुढं वाकला. डोळ्यातून पाणी यायला लागलं तरी पुसेना. नर्स म्हणाली चोळू नका, तर तिला हातानंच गप्प केलं.  शेवटी सागरला राहवलं नाही. आजवर त्यानं छायाच्या रूपाबद्दल कुणाला एक शब्द विचारला नव्हता. आज विचारलं. "मामा, सांग ना. कशी आहे?"

"तेच पाहून राह्यलो," मामा म्हणाला. "म्या आप्रेशनचा इतका खटाटोप करून इले पाहाले बसलो, अन् हे मायाकडं पाहूनच नाही राह्यली. आली तवापासून हे तुयाकडं पाहून राह्यली बे. हसून राह्यली. तू तोंड वर करतं ना, तं हसते."

सागरचे कान लाल झाले. छायानं तोंडावर हात घेतला, पण मान फिरवली नाही.

"मनके," मामा म्हणाला, "तारीख काढ."

आई रडू लागली आणि मीही, म्हणजे नेहमीचंच. सागरला आमचं ऐकू येत होतं, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. तो मामाच्या बाजूला झुकला आणि हळू आवाजात विचारलं, "खरंच हसून राह्यली?"

"हाव बे," मामा म्हणाला. "अजूनबी हसूनच राह्यली."